मस्कतची संग्रहालये आणि आपले आल्बम

मागच्या हिवाळ्यात मी मुलाकडे मस्कतला दहा दिवस राहून आले. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे अडचण आली नाही. इस्राएलमधल्या आपल्या माणसांना तिथे असे सहज जाता येत नाही. म्हणून पेसाहला अश्दोदला मावशीकडे गेले तेव्हा फोटोंचा आल्बम आणि तिथून आणलेल्या दोन-चार वस्तू बरोबर नेल्या. मावशी अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिने आल्बम शेवटच्या पानापर्यंत पाहिला, मिटला आणि म्हणाली, "दारं छान आहेत गं. पण तिथल्या कोणाशी बोललीस की नाही?"

दारांचे फोटो खरोखरच खूप होते, आणि प्रत्येक दारापुढे मी. मावशीचा प्रश्न मनात ठेवून मी पाहिलेल्या गोष्टींचा पुन्हा विचार केला. तोच इथे लिहिते.

राजवाड्यासमोरचे राष्ट्रीय संग्रहालय २०१६ साली लोकांसाठी उघडले. चौदा दालने आहेत. अंध व्यक्तींसाठी अरबी ब्रेल लिपीत माहिती दिली आहे, ही गोष्ट मला फार आवडली. मांडणी नेटकी, प्रकाश मंद, सगळे भव्य. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र एका दिवसात सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. पण भव्यतेचा एक दोष असतो. देशाची कथा इतक्या मोठ्या आवाजात सांगितली की घरातल्या बाईचा आवाज त्यात ऐकू येत नाही. मी थक्क होऊन बाहेर आले, आणि संध्याकाळी मुलाने काय पाहिलेस विचारले तेव्हा नीट सांगता येईना.

बैत अल झुबैरचे तसे झाले नाही. हा एका कुटुंबाचा संग्रह. १९९८ साली त्यांनी तो लोकांसाठी खुला केला. खंजीर, कपडे, घरातली भांडी, जुने फोटो आणि चांदीचे दागिने. ओमानी सोनार पूर्वी मारिया थेरेसाचे चांदीचे डॉलर वितळवून दागिने घडवत. ते वाचले आणि आजीच्या पायातले वाळे आठवले. तेही रुपये आटवून केलेले होते, असे ती सांगे. आपल्या रुपयाचा तर मस्कतशी जुना संबंध. १९५९ साली भारताच्या रिझर्व बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला, आणि १९७० साली ओमानचे स्वतःचे रियाल येईपर्यंत तिथला व्यवहार रुपयातच चाले. एका घराने आपल्या पेट्या उघडल्या, म्हणून माझ्यासारख्या परक्या बाईला आपली आजी आठवली. संग्रहालयाचे यश यापेक्षा वेगळे काय असते?

तिसरी गोष्ट संग्रहालयात नाही, रस्त्यावर आहे. अल बुस्तान हॉटेलजवळच्या चौकात 'सोहार' नावाचे जहाज उभे करून ठेवले आहे. टिम सेव्हरिन नावाच्या प्रवाशाने ते सूर गावी जुन्या पद्धतीने बांधून घेतले आणि १९८०-८१ मध्ये थेट चीनमधल्या कँटनपर्यंत नेले. त्यात खिळा नाही. लाकूड मलबारचे आणि फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. लोक मोटारीतून फोटो काढतात आणि पुढे जातात. मी उतरले. नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही गोष्ट लहानपणापासून ऐकली, पण ते जहाज कसे असेल हा विचार कधी मनात आला नव्हता. ते असेच शिवलेले असेल का? माहीत नाही. पण त्या दोरीच्या टाक्यांकडे पाहताना पहिल्यांदा भीती वाटली, त्या चौदा जणांसाठी.

सोहार हे मुळात ओमानच्या किनाऱ्यावरचे जुने बंदर. तिथल्या इसहाक नावाच्या यहुदी व्यापाऱ्याची गोष्ट दहाव्या शतकातल्या एका अरबी पुस्तकात आहे. दोनशे दीनार घेऊन तो निघाला आणि ९१२-१३च्या सुमारास चीनहून भरलेले जहाज घेऊन परतला. तिथल्या अधिपतीला त्याने सोन्याच्या झाकणाचे काळे चिनी मातीचे भांडे भेट दिले. आत सोन्याचे मासे, डोळ्यांच्या जागी माणके. ते भांडे आता कुठे आहे? कुठेच नाही. पण कोणीतरी गोष्ट लिहून ठेवली, म्हणून अकराशे वर्षांनी ठाण्याच्या बाईला ते माशांचे डोळेसुद्धा दिसतात.

आपले नेमके उलटे चालले आहे. वस्तू आहेत, गोष्ट नाही. मी मत्रहच्या बाजारातून आणलेला फ्रिजवर चिकटवायचा खंजीर कोणत्याही विमानतळावर मिळाला असता. त्याला सांगण्यासारखे काही नाही. आणलेल्यात खरी ठरली ती एकच वस्तू, ढोफारच्या लोबानाची पुडी. अरबीत लुबान, हिब्रूत लेवोना. केतोरेतच्या यादीत आपण जिचे नाव वाचतो तीच. मावशीने निखाऱ्यावर दोन खडे टाकले, डोळे मिटले आणि म्हणाली, "आपल्या ओटीवरचा मलिदा." मग तासभर ती रेवदंड्याबद्दल बोलत राहिली. माझ्या सगळ्या आल्बमने जे केले नाही ते दोन खड्यांनी केले.

त्याच दुपारी तिने पलंगाखालची पेटी ओढली. वर एक फोटो होता: सिनागॉगच्या पायऱ्यांवर नऊ बायका, नऊवारीत, १९५८. मावशीने बोट ठेवून सहा नावे सांगितली. उरलेल्या तिघींवर बोट बराच वेळ थांबले. "ही माझ्याशी खेळायची," एवढेच ती एकीबद्दल म्हणाली. ती तीन नावे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

सहा नावे मी फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिली. पेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. एका ओमानी घराने आपल्या पेट्या उघडून संग्रहालय उभे केले. आपल्याकडून तेवढे होईल न होईल. पण पेन्सिल प्रत्येक घरात आहे. मुले-नातवंडे जवळ असताना एक फोटो काढा, उलटा करा आणि नाव, गाव, साल लिहा. जिचे नाव आठवत नाही तिच्यापुढे निदान एवढे लिहा: ही माझ्याशी खेळायची.