इंग्रजीचा पदव्युत्तर अभ्यास आणि समीक्षेची अभ्यासपत्रिका

महाराष्ट्रातील विद्यापीठांत इंग्रजी विषय घेऊन एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला समीक्षेची ओळख बहुधा एका स्वतंत्र अभ्यासपत्रिकेतून होते. ही पत्रिका ॲरिस्टॉटलपासून निघते. सिडनी, ड्रायडन, जॉन्सन, वर्ड्स्वर्थ, कोलरिज, अर्नल्ड अशी वाटचाल करीत एलियट व रिचर्ड्स यांच्यापर्यंत येते. गेल्या काही दशकांत तिला संरचनावाद, विरचनावाद, स्त्रीवाद, वसाहतोत्तर विचार यांची जोड मिळाली आहे. नावे वाढली, पत्रिकेची रीत मात्र फारशी बदललेली नाही. कवितेची पत्रिका निराळी, नाटकाची निराळी आणि समीक्षेची निराळी, ही विभागणी आता इतकी अंगवळणी पडली आहे, की समीक्षा हा वाचनाचा व्यवहार नसून वाचून ध्यानात ठेवण्याचा विषय आहे, असा समज त्या विभागणीतूनच दृढ होतो. या समजाची किंमत कोण मोजतो आणि ती अटळ आहे काय, हा येथील प्रश्न आहे.

या रीतीचे मूळ विषयाच्या इतिहासात आहे. इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय म्हणून हिंदुस्थानात जितक्या लवकर प्रतिष्ठित झाला, तितक्या लवकर तो खुद्द इंग्लंडमधील जुन्या विद्यापीठांत झाला नाही. मेकॉलेचे टिपण १८३५ चे. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ ची. ऑक्सफर्डने इंग्रजीला स्वतंत्र अभ्यासाचा दर्जा दिला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आणि केंब्रिजमध्ये इंग्रजीचा ट्रायपॉस १९१७ मध्ये आला. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात या कालविपर्यासाचा अर्थ उलगडून दाखविला आहे. वसाहतीत साहित्य शिकविले गेले ते नीती व निष्ठा घडविण्याचे साधन म्हणून. ज्या विषयाची सुरुवात अशी झाली, त्यात निर्णय आधीच झालेले असणे आणि विद्यार्थ्याने ते आत्मसात करणे हे ओघानेच आले. परंतु आजच्या पत्रिकेचे सर्व दोष वसाहतीच्या खाती टाकून मोकळे होता येत नाही. त्यातील निदान एका दोषावरचा उतारा त्या पत्रिकेतच समाविष्ट आहे, आणि तो वापरला जात नाही.

हा उतारा म्हणजे रिचर्ड्स. ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) या ग्रंथाचा आधार असलेला प्रयोग सर्वश्रुत आहे. केंब्रिजमधील विद्यार्थ्यांपुढे रिचर्ड्स यांनी कवीचे नाव वा काळ न सांगता कविता ठेवल्या आणि त्यांच्याकडून लेखी प्रतिक्रिया घेतल्या. ग्रंथात अशा तेरा कवितांवरील प्रतिक्रियांची छाननी आहे. नामवंत कवींच्या रचना झिडकारल्या गेल्या आणि सुमार रचना वाखाणल्या गेल्या. रिचर्ड्स यांनी वाचकांच्या ज्या दहा अडचणी नोंदविल्या, त्यांतील पहिलीच कवितेचा साधा अर्थ न लागण्याची आहे. ठरीव प्रतिसाद, भावविवशता, मतप्रणालीची आडकाठी, समीक्षाविषयक पूर्वग्रह यांची चर्चा पुढे येते. या प्रयोगाचे सारे बळ नाव व काळ काढून घेण्यात होते. परीक्षेत याच रिचर्ड्सवर प्रश्न येतो तेव्हा उरते ते नेमके नाव व काळ: ग्रंथाचे वर्ष, अडचणींची यादी, अर्थाचे चार प्रकार. ज्याने वाचकाला अनोळखी कवितेसमोर उभे केले, त्याच्यावरचे उत्तर एकही कविता न वाचता लिहिता येते. १९८९ पासून घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे सर्व प्रश्न २०१२ पासून बहुपर्यायी झाले आणि या रीतीला अधिकृत शिक्का मिळाला. अध्यापक होण्याचा मार्ग ज्या परीक्षेतून जातो, तेथे उमेदवाराला आपल्या वाचनाविषयी एक परिच्छेदही लिहावा लागत नाही.

याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे सोपे आहे व अन्यायाचेही आहे. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलेला, इंग्रजीतून नोकरीची वाट दिसते म्हणून या विषयाकडे वळलेला विद्यार्थी बाजारातील मार्गदर्शिकेचा आधार घेतो, तो आळसामुळेच घेतो असे नाही. त्याच्यासमोर दोन अनोळखी गोष्टी एकाच वेळी येतात: एक परका विचार आणि तो विचार व्यक्त करण्याची परकी भाषा. पाठ केलेल्या वाक्याने दोन्हींपासून संरक्षण मिळते. पण त्याच्याजवळ एक साधनही असते, आणि अभ्यासक्रम त्याकडे अडथळा म्हणूनच पाहतो. ते साधन म्हणजे मराठी.

ॲरिस्टॉटलची ‘कॅथार्सिस’ ही संज्ञा घ्यावी. इंग्रजी उत्तरपत्रिकेत हा ग्रीक शब्द जसाच्या तसा उतरतो आणि त्यासंबंधीचा वाद न सुटताही उत्तर पूर्ण होते. मराठीत त्यासाठी ‘विरेचन’ हा शब्द रूढ झाला. हा आयुर्वेदाचा शब्द आहे. तो वापरताच भय व करुणा हे शरीराबाहेर टाकावयाचे दोष ठरतात आणि वैद्यकीय अर्थाच्या बाजूने कौल दिला जातो. ‘शुद्धीकरण’ म्हटले तर भावना निघून जात नाहीत, त्या निर्मळ होऊन उरतात. म्हणजे मराठीत शब्द निवडणे हीच येथे भूमिका घेणे आहे. भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला वाद टाळता येत नाही.

हीच गोष्ट कवितेच्या वाचनात अधिक सूक्ष्मपणे घडते. कीट्सच्या १८१९ मधील ‘ऑटम’वरील ओडचा ‘शरद’ असा अनुवाद कोशदृष्ट्या चुकीचा नाही. पण मराठी वाचकाचा शरद पाऊस ओसरल्यानंतरचा, स्वच्छ आभाळाचा, कोजागरीच्या चांदण्याचा आहे. कीट्सचा ऋतू धुक्याचा, फळे पिकून जड झाल्याचा आणि मागे हिवाळा उभा असल्याचा आहे. ‘शरद’ या शब्दाने जागे होणारे चित्र म्हणजे रिचर्ड्स ज्याला ठरीव प्रतिसाद म्हणतात त्याचे उत्तम उदाहरण ठरेल. केंब्रिजच्या विद्यार्थ्याला हा ऋतू घरचाच होता. त्याला जे दिसणे अवघड, ते दोन ऋतुचक्रांमध्ये उभ्या असलेल्या मराठी वाचकाला दिसू शकते. त्यासाठी त्याला स्वतःचा शरद विसरण्याची गरज नाही. तो तपासण्याची गरज आहे.

अभ्यासक्रमात भारतीय काव्यशास्त्र आणल्याने हा प्रश्न सुटला, असे मानले जाते. अनेक विद्यापीठांनी रस, ध्वनी, वक्रोक्ती यांचा समावेश केला, हे स्वागतार्हच होय. तथापि बऱ्याचदा एका यादीला दुसरी यादी जोडली गेली आणि दोहोंमध्ये साम्ये शोधण्याचा छंद लागला. एलियटने १९१९ मध्ये ‘हॅम्लेट’च्या संदर्भात मांडलेली ‘ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह’ची कल्पना आणि भरताचा विभाव यांचे समीकरण हे त्याचे नेहमीचे उदाहरण. दोन्हींत भाव मूर्त कारणांच्या द्वारा प्रकटतो, एवढे साम्य खरे. पण एलियटची कल्पना हा एक निकष आहे. भावना प्रसंगांच्या मानाने अधिक ठरते म्हणून ‘हॅम्लेट’ फसले, असा निवाडा तो तिच्या आधारे देतो. भरताची मांडणी प्रयोगात रस कसा निष्पन्न होतो याचे विवरण करते. तेथे विभाव एकटा नसतो, अनुभाव व व्यभिचारी भाव त्याच्यासोबत असतात. साम्य सांगून थांबणाऱ्याला दोन्हींपैकी एकही कळलेले नसते. भेद कोठे सुरू होतो हे विचारले, म्हणजे समीक्षा सुरू होते.

ही अपेक्षा अवास्तव नाही, याची साक्ष मराठी समीक्षेचा इतिहासच देतो. मर्ढेकरांनी प्रथम इंग्रजीत ‘आर्ट्स अँड द मॅन’ (१९३७) लिहिले. पुढे ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध व समतोल यांवर उभारलेला लयसिद्धान्त मराठीत आला. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये मर्ढेकरांची कठोर चिकित्सा करीत लौकिकतावाद व अलौकिकतावाद यांच्यातील ताण मांडला. भालचंद्र नेमाडे यांनी ‘टीकास्वयंवर’ (१९९०) मध्ये इंग्रजीच्या मानदंडांवरच आघात केला. हे चौघेही इंग्रजीचे अध्यापक होते आणि चौघांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांच्यात समान आहे ते एवढेच, की इंग्रजीतून मिळालेला विचार त्यांनी मराठीत आणून वादाला घातला. असे असूनही हे मराठी लेखन इंग्रजीच्या समीक्षापत्रिकेत सहसा आढळत नाही. इंग्रजी विभागांनी मराठीला दिलेली सर्वांत मोठी देणगी त्या विभागांच्या अभ्यासक्रमाबाहेर राहते.

हे चौघे अपवादात्मक प्रतिभेचे होते. त्यांच्यावरून सामान्य विद्यार्थ्यासाठी नियम कसा काढावा, असा आक्षेप येऊ शकतो. तो अंशतः मान्य करावा लागेल. सिद्धान्त रचणे सर्वांचे काम नव्हे. परंतु संज्ञा दोन भाषांत तपासणे, अनोळखी कवितेचा साधा अर्थ लावणे, दिलेल्या मताशी कारण देऊन असहमत होणे, यांस प्रतिभा लागत नाही; सवय लागते. ती सवय घडविण्यासाठी नवा अभ्यासक्रमही आवश्यक नाही. समीक्षेच्या पत्रिकेत लेखकाचे नाव नसलेला एक उतारा आणि एका संज्ञेच्या मराठी पर्यायांची चर्चा, एवढे दोन प्रश्न आले तरी मार्गदर्शिकेचे निम्मे काम संपते. अशा उत्तरांचे मूल्यमापन कठीण आहे, एकसारखे गुण देता येणार नाहीत, ही अडचण खरी आहे. मात्र ज्याचे मूल्यमापन सुलभ तेच शिकवावयाचे असे ठरले, तर त्या पत्रिकेला समीक्षा हे नाव ठेवण्याचे कारण उरत नाही.

या पदवीचे धारक पुढे कनिष्ठ महाविद्यालयांत व पदवी वर्गांत शिकवू लागतात. त्यांच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला रिचर्ड्स ठाऊक नसतो. त्याच्या हाती असते एक कविता, आणि तिचा अर्थ काय, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेची खरी परीक्षा त्या वर्गात होते.