‘कोर्ट’: खलनायकाविना घडणारा अन्याय

न्यायालयावरील चित्रपट म्हटला, की प्रेक्षक काही ठरावीक अपेक्षा धरून बसतो: वकिलांची खडाजंगी, ऐनवेळी धावत येणारा साक्षीदार आणि अखेरीस सत्याचा विजय. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात यांपैकी काहीच नाही. त्याला राष्ट्रीय पुरस्काराचे सुवर्णकमळ लाभले, व्हेनिस महोत्सवातही त्याचा गौरव झाला. तरीही वेळापुरात काही धर्मग्रामस्थांसमवेत तो पाहत असता एक गृहस्थ म्हणाले, “फादर, यात काही घडतच नाही हो!” त्यांच्या या तक्रारीतच चित्रपटाचे मर्म आहे, असे आम्हांस वाटते.

कथा थोडक्यात अशी. गटार साफ करणारा एक कामगार मॅनहोलमध्ये मरण पावतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांचे गाणे ऐकून त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून पोलीस या वृद्ध कलावंताला अटक करतात. सरकार पक्षाचा साक्षीदार पोलिसांच्या नेहमीच्या उपयोगातला निघतो. मृताची पत्नी साध्या शब्दांत सांगते, की विषारी वायूने नवऱ्याचा एक डोळा गेला होता आणि गटारात उतरण्यापूर्वी तो दारू पीत असे. आरोपाची इमारत येथेच ढासळते. शाहिरांना जामीन मिळतो. पण लवकरच अधिक कठोर कायद्याखाली त्यांना पुन्हा अटक होते आणि न्यायालयाला उन्हाळी सुटी लागते.

या साऱ्यात दुष्ट असा कोणीच नाही. गीतांजली कुलकर्णी यांनी साकारलेली सरकारी वकील मुलाला घेऊन घरी परतते, स्वयंपाकाला लागते; ती आपल्यातलीच एक गृहिणी आहे. न्यायाधीश नियमांचे पक्के आहेत; इतके, की एका स्त्रीच्या बिनबाह्यांच्या पोशाखापायी तिचे प्रकरणच पुढे ढकलतात. कॅमेरा हे सर्व दुरून, स्थिर नजरेने पाहतो. हा संथपणा काहींना कंटाळवाणा वाटेल. परंतु तारखेची वाट पाहणाऱ्याचा काळ असाच सरत असतो.

आमचा एक आक्षेप मात्र आहे. वकील आणि न्यायाधीश यांच्या खासगी आयुष्यात दिग्दर्शक रेंगाळतो. आरोपीच्या मागे उरलेल्यांकडे मात्र वळत नाही. ज्यांच्यावर अन्यायाची झळ सर्वांत दीर्घकाळ पोहोचते, तेच चौकटीबाहेर राहतात.

चित्रपट निकालापर्यंत जात नाही. निकालापर्यंत गेलेली एक सत्यकथा आपल्याच महाराष्ट्रातील आहे. २००३ मध्ये नाशिक भागात एका कुटुंबावर दरोडा पडला आणि पाच जणांची हत्या झाली. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने त्यांतील तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. बचावलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या नोंदीतील छायाचित्रांवरून निराळ्याच चौघांना ओळखले होते. त्या दिशेने तपासच झाला नाही! प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. पण गेलेली सोळा वर्षे कोणत्या तिजोरीतून द्यावयाची? आणि त्या पाच मृतांनाही न्याय मिळाला नाही, हे विसरता कामा नये.

हे सहाजण भटके होते, ही बाब आम्हांस योगायोगाची वाटत नाही. गावाबाहेर पाल पडले आणि कोणाची कोंबडी हरवली, की आपली नजर आधी कोठे जाते? आम्हीही त्यास अपवाद नाही. संशयाचा पहिला कागद पोलीसचौकीत नव्हे, आपल्या ओट्यावर लिहिला जातो.

प्रायश्चित्तकाळात आपण क्रूसाची वाट चालतो. तिचे पहिलेच स्थान म्हणजे निरपराध्याला दिलेला मृत्युदंड. पिलातही क्रूर म्हणून चुकला नाही; दोष सापडत नाही हे ठाऊक असून त्याने हात धुतले. त्या स्थानापाशी गुडघे टेकण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने ‘कोर्ट’ एकदा अवश्य पाहावा आणि नंतर आपल्या हातांकडे पाहावे.