‘शीळ’ ऐकल्यानंतर

काही कवींची ओळख पुस्तकाआधी कानावाटे होते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) हे अशांपैकी एक. वकिली करणाऱ्या या कवीची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांनी गायिली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९३० नंतरच्या दशकात ती रसिकांच्या ओठी बसली. ‘शीळ’ हा संग्रह मात्र निघाला १९५४ साली! तोवर गाणे कवीच्या कितीतरी पुढे निघून गेले होते.

अशी कीर्ती मोठी फसवी. गळ्याची मोहिनी इतकी की, नवा रसिक त्या एका तबकडीपाशीच थांबतो. मीही बरीच वर्षे तेथेच थांबलो होतो. मग संग्रह क्रमाने वाचले: ‘शीळ’, ‘अभिसार’ (१९६३) आणि तब्बल बावीस वर्षांनी आलेला ‘खूणगाठी’ (१९८५). पहिल्या दोहोंत प्रीती शब्दांच्या नादातच नांदते. ‘खूणगाठी’त तोच कवी चिंतनाकडे वळतो. १९८६ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक याच संग्रहाला लाभले. पण ‘शीळ’वर जीव टाकणाऱ्यांपैकी येथवर किती जण आले?

दोष गायकाचा नव्हे. त्याने दार उघडून दिले; उंबरठ्यावर बसून राहिलो ते आपण. तेव्हा वाचकहो, फराळ आटोपल्यावर ‘शीळ’ अवश्य ऐका. मग यंत्र बंद करून तीच कविता चालीवाचून, स्वतःच्या आवाजात म्हणून पाहा. लय मुळात कवितेतच होती, हे ध्यानी येईल. आणि हात आपोआप पुढच्या संग्रहाकडे जाईल.