शैली आणि आढळ : ‘द नेक्स्ट रेम्ब्रँट’ ह्या यंत्रनिर्मित चित्राची चिकित्सा

‘शैली’ ही संज्ञा साहित्यसमीक्षेत आणि कलेतिहासात सारख्याच सैलपणे वापरली जाते. तिचा व्यवहार माणसामाणसांत चालत होता तोवर ह्या सैलपणाने फारसे बिघडत नव्हते. परंतु एखाद्या संगणकप्रणालीस अमुक चित्रकाराची शैली ‘शिकविली’ असे विधान केले जाते, तेव्हा नेमके काय शिकविले गेले, हा प्रश्न टाळता येत नाही. ५ एप्रिल २०१६ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे अनावरण झालेले ‘द नेक्स्ट रेम्ब्रँट’ हे चित्र ह्या विचारास उत्तम उदाहरण पुरविते. त्यानंतरच्या प्रणाली कितीतरी समर्थ आहेत. चित्रकाराचे नाव टंकित करताच त्याच्या धाटणीचे चित्र त्या क्षणार्धात समोर ठेवतात. तथापि त्यांच्या पोटात काय घडते हे बाहेरून दिसत नाही. २०१६ च्या प्रयोगात मात्र प्रत्येक पायरी उघडी आहे, आणि म्हणूनच तो अभ्यासकाच्या अधिक उपयोगाचा आहे.

आयएनजी ही डच बँक, जे. वॉल्टर थॉम्पसन ही जाहिरातसंस्था, मायक्रोसॉफ्ट आणि डेल्फ्टचे तंत्रविद्यापीठ ह्यांच्या सहकार्याने हे चित्र सिद्ध झाले. रेम्ब्रँटच्या ३४६ चित्रांची छाननी करण्यात आली. तीतून असा निष्कर्ष काढण्यात आला की नवे चित्र हे एका गौरवर्णी पुरुषाचे व्यक्तिचित्र असावे. वय तीस ते चाळीस, चेहऱ्यावर दाढीमिशा, अंगात काळा पोशाख, गळ्याशी पांढरी कॉलर, डोक्यावर टोपी आणि मुख उजवीकडे. डोळे, नाक, ओठ ह्यांच्या आकारांचे व परस्पर अंतरांचे प्रमाण काढून चेहरा जुळविला गेला आणि अखेरीस रंगाच्या थरांची जाडी अनुकरून तो शाईच्या तेरा थरांत छापण्यात आला. चित्र प्रथमदर्शनी फसवे आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मुखावरील प्रकाश, पार्श्वभूमीचा तपकिरी काळोख, कॉलरीची शुभ्रता, सारे काही जागच्या जागी आहे.

पण ही यादी पुन्हा वाचावी. काळा पोशाख, पांढरी कॉलर, टोपी, मध्यमवयीन पुरुष हे वर्णन कोणाचे? ते रेम्ब्रँटचे नव्हे. त्याच्या गिऱ्हाइकांचे होय. प्रयोगकर्त्यांनी मुख्यतः १६३२ ते १६४२ ह्या दशकातील व्यक्तिचित्रांवर भर दिला, कारण ती संख्येने सर्वांत अधिक. लायडन सोडून अ‍ॅमस्टरडॅमला आलेला हा तरुण त्या दशकात तेथील धनिकांचा आवडता चित्रकार होता आणि ज्याने पैसे मोजले त्याचे चित्र तो काढीत होता. तेव्हा गणनेने जे वर आणले ते सतराव्या शतकातील व्यापारी नगराचे मागणीपत्रक आहे. एखाद्या कारकुनाच्या दफ्तरातील शब्दांची वारंवारता मोजून तिलाच त्याची लेखनशैली म्हणावे, तसा हा प्रकार झाला. आढळ आणि शैली ह्यांत येथे गल्लत झाली आहे.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास ही गल्लत परिचित आहे. सोस्यूरने दाखविले की वाक्यातील पदाला मूल्य येते ते केवळ शेजारच्या पदांमुळे नव्हे; त्या जागी येऊ शकली असती, पण आली नाहीत, अशा पदांमुळेही येते. शैलीचा शोध ह्या न आलेल्या पर्यायांसह घ्यावा लागतो. रेम्ब्रँटच्या १६६२ च्या ‘वस्त्रसंघाचे नमुनापरीक्षक’ ह्या समूहचित्राची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा टोपीविना उभ्या असलेल्या सेवकाची जागा त्याने एकाहून अधिक वेळा बदलल्याचे दिसून आले. ती जागा पुसून दुसरी धरणे, आणि तीही नापसंत करणे, ह्यात जो निर्णय आहे तो अंतिम पृष्ठभागाच्या मोजमापात सापडत नाही. थरांची जाडी छापता येते. जाडी का वाढली, हे छापता येत नाही.

कुंतकाने काव्यमार्गांचे प्रादेशिक वर्गीकरण नाकारून त्यांचे मूळ कविस्वभावात शोधले, ते ह्या संदर्भात आठवावे. स्वभाव म्हणजे ठरीव लकब नव्हे. रेम्ब्रँटने उत्तर वयात मोगल चित्रांवरून काही रेखाटने केली. त्यांपैकी सुमारे तेवीस आज उपलब्ध आहेत. शाहजहान व इतर दरबारी व्यक्ती त्यांत दिसतात. ज्या काळात त्याचा कुंचला सर्वांत रुंद आणि मोकळा झाला होता, त्याच काळात ह्या कागदांवर त्याची रेषा सावध व बारीक होते. समोरच्या वस्तूनुसार हात बदलतो. सरासरी काढणाऱ्या पद्धतीस हा बदल अपवाद वाटेल आणि ती तो गाळील. चिकित्सकास तोच पुरावा वाटावा.

येथे एक आक्षेप संभवतो. फ्लिंक, बोल आदी शिष्यांनीही गुरूची धाटणी इतकी आत्मसात केली होती की त्यांची चित्रे गुरूच्या नावावर खपली. मग यंत्रानेच काय अपराध केला? आक्षेप वजनदार आहे. बर्लिन येथील ‘सुवर्णशिरस्त्राणधारी पुरुष’ हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या रेम्ब्रँटचे म्हणून वाखाणले गेले आणि १९८० नंतरच्या दशकात ते त्याचे नसल्याचा निर्णय झाला. परंतु ह्यातून यंत्राची बाजू बळकट होत नाही, उलट अडचणीत येते. १९६८ पासून रेम्ब्रँट संशोधन प्रकल्पाने चालविलेला वाद हाच मुळी कोणती चित्रे त्याची, ह्याविषयी आहे. शिकवणीसाठी घेतलेली यादी त्या वादाचे तात्पुरते फलित होय. प्रणाली ती यादी सिद्ध धरून चालते. शिवाय फ्लिंक आणि बोल पुढे ती धाटणी टाकून वेगळ्या वाटेने गेले. शिकलेले टाकण्याची मुभा त्यांना होती.

अशा प्रणालींचा सर्वच उपयोग निष्फळ ठरतो, असे मात्र नव्हे. १६४२ चे ‘रात्रीची गस्त’ हे चित्र १७१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनात हलविताना चारही बाजूंनी कापण्यात आले. गेरिट लुंडेन्स ह्याने सतराव्या शतकातच केलेली त्याची छोटी प्रतिकृती सुदैवाने शिल्लक आहे. राइक्सम्यूझियमने २०२१ मध्ये मूळ चित्र व प्रतिकृती ह्यांतील समान भाग प्रणालीपुढे ठेवले आणि लुंडेन्सच्या हातातून रेम्ब्रँटच्या हाताकडे कसे जावे, हे तिला शिकविले. मग केवळ हरवलेल्या पट्ट्या तिच्याकडून करवून घेतल्या. हे भाषांतर आहे. त्याला मूळ संहिता आहे, मर्यादा आहे आणि चूक तपासण्याची सोय आहे. डाव्या पट्टीतील दोन पुरुष व एक मुलगा परत येताच कप्तान बानिंक कॉक आणि त्याचा दुय्यम अधिकारी मध्यापासून किंचित उजवीकडे सरकले, आणि सारी तुकडी डावीकडे चालू लागली. चित्राची ही गती तीन शतके कोणी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. त्या छापील पट्ट्या मूळ पटाला चिकटविल्या नव्हत्या. काही काळाने त्या उतरविण्यात आल्या आणि चित्र पुन्हा १७१५ मध्ये कापले होते तेवढे झाले.