उसवता येईल असं शिवणं

वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्टरीमध्ये दाराशीच एक भलामोठा, चकचकीत तुकड्यांचा लहरता ध्वज आहे. तो शोभेचा. खरा 'स्टार-स्पँगल्ड बॅनर' त्याच्यामागच्या दालनात, जवळजवळ अंधारात, किंचित उताराच्या टेबलावर पहुडलेला असतो. १८१४ साली फोर्ट मॅकहेन्रीवर फडकलेला, अमेरिकेच्या राष्ट्रगीताला निमित्त झालेला ध्वज. बाहेरची झगमग मला अनावश्यक वाटते. आतला अंधार मात्र या मांडणीतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे, कारण प्रकाशाने विटलेला रंग आणि कमजोर झालेला धागा कुठल्याच उपायाने परत येत नाही.

मूळ ४२ फुटांपैकी ३४ फूट लांबी उरली आहे. त्यातला बराच भाग खाल्ला तो प्रेमाने. किल्ल्याचा प्रमुख आर्मिस्टेड याच्या घरच्यांनी आठवण म्हणून तुकडे कापून वाटले. पंधरांतला एक ताराही गेला. तो नव्याने शिवून लावला नाही, हे संग्रहालयाचं फार चांगलं केलं.

१९१४ साली अमेलिया फाउलर यांनी आपल्या कारागीर बायकांसह जीर्ण कापडाला लिननचं अस्तर लावलं. सुमारे १७ लाख टाके. पुढे १९६४पासून ध्वज उभा टांगला गेला. जड लोकरी गणवेश वर्षानुवर्षं बारीक हँगरवर लटकवला की खांद्यांचं जे होतं, तोच प्रश्न इथे: सगळं वजन वरच्या धाग्यांवर. १९९८मध्ये तो उतरवला आणि मग वर पालथं पडून काम करता येईल अशा फिरत्या पुलावरून तज्ज्ञांनी ते लाखो टाके एकेक करून कापले. अस्तराखाली लपलेली बाजू कमी विटलेली निघाली.

ही गोष्ट ऐकून फाउलरबाईंना नावं ठेवणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्यांनी कापड डिंकाने चिकटवलं असतं, तर नंतरच्यांना काही करताच आलं नसतं. टाका उसवता येतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही बदल करण्याआधी तो मागे कसा घ्यायचा हे ठरवतात. फरक एवढाच, की आमच्याकडे जुनी प्रत शाबूत असते. इथे प्रत एकच. त्यामुळे नवा आधारही हलक्या पॉलिएस्टरचा, एकाच बाजूने शिवलेला आहे. मळ काढायला आधी मेकअपचे कोरडे स्पंज वापरले, धुलाई नाहीच. घरचा जुना गणवेश धोब्याकडे देऊन 'नवा' करून आणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं; मळाबरोबर धागाही जातो.

एका पांढऱ्या पट्ट्यावर लाल कापडाचा एक तुकडा शिवलेला आहे, रोमन 'ए' अक्षरासारखा. आर्मिस्टेड घराण्याची खूण असावी, असं मानतात. तो मूळ ध्वजाचा भाग नाही. तरी तो काढलेला नाही.