साधनांची मुभा आणि वर्गीकरणाचा अधिकार

एखादे संगणकीय साधन आपल्या गरजेनुसार बदलता येते असे म्हटले म्हणजे बहुधा रंग, मांडणी आणि कळांच्या जागा एवढाच अर्थ घेतला जातो. हा अर्थ अपुरा आहे. धुळे-जळगावकडील लोकगीतांचा संग्रह रचू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे खरा प्रश्न असतो तो नावांचा आणि वर्गांचा.

बहिणाबाई चौधरी यांच्या १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या कवितांचेच उदाहरण घ्यावे. त्यांतील शेतीविषयक रचना काव्य म्हणून, लेवा बोलीचा नमुना म्हणून आणि कृषिजीवनाच्या अभ्यासाचे साधन म्हणून, अशी तिन्ही ठिकाणी सापडली पाहिजे. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत एकच पान अनेक वर्गांत घालता येते. शीर्षक देवनागरीत राहते आणि पडद्यावरील सूचनांचे शब्दही प्रचालकांना बदलता येतात. आज्ञावली ठेवण्याच्या गिटहबसारख्या स्थळी फाइल एकाच कप्प्यात बसते. तिचे नाव देवनागरीत चालते. परंतु संपूर्ण भांडाराच्या नावास रोमन अक्षरे, अंक व मोजकी चिन्हेच चालतात. उलटपक्षी, दोन पाठ स्वतंत्र शाखांत ठेवून ते ओळीओळीने पडताळण्याची सोय तेथे अधिक सरस आहे, हेही मान्य केले पाहिजे.

यास्तव साधनाची परीक्षा केवळ त्याच्या बाह्य रूपावरून करू नये. अहिराणी आणि लेवा हे स्वतंत्र वर्ग मानावयाचे की दोन्ही ‘मराठी’ या एकाच नावाखाली लोटावयाच्या, हे ठरविण्याचा अधिकार अभ्यासकाच्या हाती राहतो की नाही, हीच खरी कसोटी होय.