पाव इंचाची माया

मंडळाची सामूहिक गोधडी कशी सुरू झाली, पहिली कुणाच्या तळघरात शिवली गेली आणि लिलावात तिच्यासाठी कशी चुरस लागली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. दरवर्षी गोधडीभोवती गर्दी होते. रंगांचं, इरकल आणि खणाच्या तुकड्यांचं कौतुक होतं. पण निरनिराळ्या घरांतून आलेल्या ब्लॉकच्या शिवणी जिथे एका बिंदूत भेटतात, तिकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं. माझ्या मते आपल्या मंडळाने परदेशात येऊन कमावलेली कला त्या बिंदूतच आहे, आणि पुढच्या पिढीच्या हातून काही सुटलंच तर तेच सर्वांत आधी सुटेल.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. साडेचार इंची तीन चौकोन ओळीने जोडले, दोन्ही शिवणींना पाव इंच माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) धरली, तर साडेबारा इंचांची ओळ मिळते. टीप सुताच्या अर्ध्याने, म्हणजे एक सोळांश इंचाने, आत गेली तर प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजू मिळून एक अष्टमांश इंच जातो आणि ब्लॉक पाव इंच आखूड होतो. असे पाच ब्लॉक रांगेत आले की सव्वा इंचाची तूट. एकटीने गोधडी शिवणारी बाई सगळीकडे सारखीच चुकते, त्यामुळे तिची गोधडी फार तर लहान होते, शिवणी मात्र जुळतात. आपल्या गोधडीत प्रत्येक घराची चूक वेगळी असते. मग शेवटी जोडणारीने कितीही टाचण्या लावल्या, कापड कितीही ओढलं, तरी कोपरे जुळत नाहीत, आणि ओढलेलं कापड पहिल्या धुण्यात सुरकुत्या पाडून सूड घेतं. म्हणजे शिवण जुळवण्याचं काम शेवटच्या टाचणीचं नाहीच. ते पहिल्या टिपेचं आणि इस्त्रीचं आहे.

गेल्या गणेशोत्सवातल्या प्रात्यक्षिकात हे जितकं स्वच्छ दिसलं, तितकं कुठल्याही पुस्तकात दिसणार नाही. गोधडी-वर्गाच्या तिघी मावश्यांनी (या तिघी नसत्या तर मंडळात सुईसुद्धा उरली नसती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही) ‘ओहायो स्टार’ या ताऱ्याच्या नमुन्याचा एक ब्लॉक रंगमंचावर जोडला. वरच्या आणि खालच्या ओळीतल्या माया कोपऱ्यांकडे वळवल्या, मधल्या ओळीतल्या मधल्या चौकोनाकडे. इस्त्री घासली नाही, ठेवली आणि उचलली. त्रिकोणांच्या कडा उरेब असतात, घासलं की ताणल्या जातात. मग दोन ओळी समोरासमोर धरून अंगठा आणि तर्जनीने सांधा चाचपला. विरुद्ध दिशांना वळलेले दोन उंचवटे एकमेकांत बसेपर्यंत बोटं सरकत राहिली, बसले तशी थांबली. वरची माया मशीनच्या पायाकडे तोंड करून होती, त्यामुळे पायाने तिला खालच्या उंचवट्यावर आणखी घट्ट रेटलं. ताऱ्याच्या टोकापाशी टीप घातली ती मागच्या शिवणींच्या फुलीवरून, फार तर धाग्याभर मायेच्या बाजूने. ब्लॉक उलगडला तेव्हा एकही टोक कापलं गेलेलं नव्हतं. टाळ्या पडल्या, पण समोरच्या रांगेतली मुलं तोवर उठून गेली होती, हेही लिहायला हवं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: आपल्या आजी-पणजींनी असली मोजमापं कुठे केली होती? त्या तर डोळ्यांनी शिवत. खरं आहे, पण त्यांच्या गोधडीची बांधणीच निराळी. जुन्या लुगड्यांच्या थरांवर ठिगळाच्या कडा दुमडून धावदोरा सगळ्या थरांतून आरपार जायचा, म्हणून तुकडा थोडा सरकला तरी खालचे थर सांभाळून घेत. तिथली शिस्त धावदोऱ्याच्या समांतर ओळींत होती. अमेरिकी ब्लॉकमध्ये तुकडा फक्त शेजारच्या तुकड्याला धरून असतो. त्याला सांभाळायला खाली काही नसतं. दुसरा आक्षेप अलाबामातल्या गीज बेंडचा. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाकड्या रेषांच्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, मग आपल्यालाच सरळपणाचा आग्रह का? त्या गोधड्यांतला वाकडेपणा निवडलेला आहे. रेष कुठे झुकवायची हे तिथे एकच हात, एकच नजर ठरवते. आपण वीस घरांचे हात एका चौकटीत आणू पाहतो, त्यांना समान माप लागणारच. आणि आमिश पंथाच्या बायका देवापुढे नम्र राहण्यासाठी मुद्दाम एक चूक ठेवत, ही गोष्ट आपल्याकडेही सांगितली जाते. तिला ऐतिहासिक पुरावा नाही. चुकीची सबब म्हणून मात्र ती फार सोयीची आहे.

खरी काळजी तडजोडींची. दातेरी कडांचे तयार चौकोन आणले की माया दाताच्या टोकापासून धरायची की खाचेपासून, यावरच घराघरांत फरक पडतो. त्याहून वाईट म्हणजे ब्लॉकचं चित्र छापलेलं कापड. त्यात जुळवायला शिवणच नसते. तरुणांना वेळ नसतो म्हणून हे सोपं केलं, असं समिती म्हणते. वेळेची अडचण खोटी नाही. नोकरी, मुलं, दोन तासांचा प्रवास यांतून कोण उसवत बसणार? पण पाव इंच माया एकदा पक्की झाली की उसवणंच कमी होतं, म्हणजे वेळ वाचवायचा तर शिकवायला हीच गोष्ट हवी. आपण पोरांना नेमका तिचाच वर्ग देत नाही. रंग निवडायला बसवतो आणि मग त्यांना गोडी नाही म्हणून उसासे टाकतो.

पुढच्या गोधडीसाठी प्रत्येक घराने ब्लॉक शिवण्याआधी दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून समितीकडे द्याव्यात. इस्त्रीनंतर मधली पट्टी बरोबर एक इंच भरली तर ते मशीन आणि तो हात तयार आहे. जास्त भरली तर टीप किंचित आत घ्यावी, कमी भरली तर बाहेर. दुमडीत धाग्याभर कापड जातं, म्हणून माया पाव इंचाला किंचित कमीच ठेवावी लागते. ही तपासणी दहा मिनिटांची आहे, आणि ती मुलांकडेच सोपवावी. मोठ्यांच्या पट्ट्या पट्टीने मोजून नापास करायला ती आनंदाने येतील.